मुंबईत ट्रॉली घेऊन बाजाराला जायचंय? आधी रस्ता बघा, मग ट्रॉली घ्या

भाजी आणायला, दळण न्यायला दोन चाकांची कापडी ट्रॉली घेऊन जाणारी माणसं हल्ली मुंबईत बरीच दिसतात, आणि ती बघून आपणही घ्यावी का असं ज्यांच्या मनात येतंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. वस्तू खरंच कामाची आहे. दोन्ही हातात चार-चार किलोच्या पिशव्या घेऊन पंधरा मिनिटं चाललं की बोटांवर वळ उठतात, खांदे भरून येतात, आणि साठीच्या पुढच्या माणसांना तर ते नंतर दोन दिवस जाणवत राहतं. तेच वजन चाकांवर गेलं की माणूस आरामात चालतो, मध्येच थांबून ओळखीच्या माणसाशी बोलतोसुद्धा.

पण बहुतेक लोक ऑनलाइन फोटो बघून रंग आणि किंमत ठरवून ट्रॉली मागवतात आणि थोड्याच दिवसात ती दाराच्या मागे जाऊन पडते, कारण चाक पेव्हर ब्लॉकच्या फटीत अडकतं, नाहीतर बिल्डिंगला लिफ्ट नाही, नाहीतर बाजार रेल्वे लाइनच्या पलीकडे आणि मध्ये पूल. ट्रॉली चांगलीच असते, फक्त त्या रस्त्याची नसते. म्हणून क्रम उलटा करायचा, आधी रस्ता बघायचा.

पहिलं काम: रिकाम्या हाताने एकदा चालून या

घरापासून बाजारापर्यंत नेहमीच्या रस्त्याने जा, फक्त या वेळी नजर खाली ठेवा. आपण पायी चालताना ज्या गोष्टी सहज ओलांडून जातो त्या चाकाला अडतात. फुटपाथ दर बिल्डिंगच्या गेटपाशी तुटतो, म्हणजे प्रत्येक गेटला एक उतार आणि एक चढ, आणि तो उतार म्हणजे स्लोप असेलच असं नाही, बऱ्याचदा सरळ वीतभर पायरीच असते. पेव्हर ब्लॉक कुठे उखडलेत, गटाराच्या जाळीचे गज आडवे आहेत की चालायच्या दिशेने उभे (उभे असतील तर छोटं चाक सरळ आत जातं), फुटपाथच्या तोंडाशी बाइक चढू नये म्हणून लावलेल्या खांबांमधून ट्रॉली जाईल का, हे सगळं बघून ठेवा. साधारण ट्रॉली ३५ ते ४० सेंटीमीटर रुंद असते, ती बहुतेक ठिकाणी जाते, पण कुठे टपरी, कुठे पार्क केलेली स्कूटर असं असलं की रस्त्यावर उतरावंच लागतं.

रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या पादचाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांत निवासी भागातल्या फुटपाथला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितलीय. आपल्याकडे तेवढी सलग मोकळी जागा मिळाली तर नशीब. म्हणून दुसरी वाट शोधायची. गेल्या काही वर्षांत आतल्या बऱ्याच गल्ल्या सिमेंट काँक्रीटच्या झाल्यात, त्यांवर ट्रॉली फुटपाथपेक्षा कितीतरी सुरळीत चालते आणि गाड्याही कमी असतात. पाच मिनिटं लांबची पण सपाट गल्ली असेल तर तीच धरा, ट्रॉली हातात असली की अंतराचा त्रास फार होत नाही, त्रास होतो तो पायऱ्यांचा.

आणि मुंबईतला मोठा प्रश्न म्हणजे ईस्ट-वेस्ट. घर एका बाजूला आणि मनासारखा बाजार स्टेशनच्या दुसऱ्या बाजूला, असं दादर, पार्ले, मुलुंड, कुठेही असू शकतं. पुलाला लिफ्ट आहे का, ती दोन्ही बाजूंना आहे का, रॅम्प आहे का, हे त्या एका फेरीत बघून घ्या. एका बाजूला लिफ्ट आणि दुसऱ्या बाजूला चाळीस पायऱ्या असतील तर त्या लिफ्टचा आपल्याला उपयोग अर्धाच. भुयारी मार्ग असेल तर तिथेही उतरायला आणि चढायला पायऱ्याच असतात, ते विसरू नका.

शेवटी स्वतःच्या बिल्डिंगमध्ये या. गेटपासून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या? जुन्या इमारतीत लिफ्ट असली तरी पाच-सहा पायऱ्या चढून मग लिफ्ट येते. लिफ्टच नसेल तर कितवा मजला? बीडीडी चाळीसारखी तळमजला अधिक ३ अशी इमारत असेल आणि तुम्ही वरच्या मजल्यावर राहत असाल तरी ट्रॉली वापरता येते, पण मग ती भरायची पद्धत वेगळी, ते खाली सांगते.

दुसरं काम: कुठली ट्रॉली

रस्ता डोळ्यासमोर असला की निवड सोपी होते.

साधी दोन चाकांची, मागे पाइपची फ्रेम आणि पुढे कापडी पिशवी, ही बहुतेकांना पुरते. हिच्यात एकच गोष्ट हट्टाने बघा, चाकाचा आकार. व्यास किमान १५ सेंटीमीटर, म्हणजे ६ इंच तरी हवा, मोठा मिळाला तर अजून छान. अडथळ्याची उंची चाकाच्या त्रिज्येएवढी झाली की कितीही सरळ ओढलं तरी चाक चढत नाही, उचलावंच लागतं. सुटकेसच्या पाच सेंटीमीटरच्या चाकाला अडीच सेंटीमीटर वर आलेला पेव्हर ब्लॉक म्हणजे भिंत, आणि मोठ्या चाकाला तोच नुसता एक धक्का. म्हणून प्लास्टिकच्या फोल्डिंग खोक्याला खाली बारीक चाकं आणि वर लांब दांडा असा जो प्रकार मिळतो तो मॉलच्या फरशीवर ठीक आहे, आपल्या रस्त्यावर घेऊ नका.

चाक कडक प्लास्टिकचं असेल तर खडखडाट भयंकर होतो, सकाळी सातला गल्लीतून गेलात तर अख्खी बिल्डिंग उठेल, आणि ते धक्केही सगळे हाताला पोचवतं. वरून रबराचा किंवा मऊ फोमसारखा थर असलेलं चाक घ्या.

प्रत्येक बाजूला तीन-तीन चाकांचा तारा असतो ती जिना चढणारी ट्रॉली. पायरीला टेकवून ओढली की तारा फिरतो आणि पुढचं चाक वरच्या पायरीवर बसतं. ज्यांच्या वाटेत जिना रोजचाच आहे, लिफ्ट नसलेली चाळ किंवा पुलाच्या पायऱ्या, त्यांनी हीच घ्यावी. पण तिची चाकं लहान असतात, उखडलेल्या फुटपाथवर ती मोठ्या दोन चाकांएवढी चांगली पळत नाही, आणि वजनही एक-दीड किलोने जास्त असतं. रस्ता खराब आणि जिना फक्त पाच-सहा पायऱ्यांचा असेल तर मी साधी मोठ्या चाकांचीच घ्या असं सांगेन. जिना चढणारी म्हणजे जिन्यावर वजन गायब होतं असंही समजू नका, धक्के कमी बसतात, ओढायचं आपल्यालाच असतं.

चार चाकांची पुढे ढकलायची ट्रॉली मोठ्या सोसायटीच्या आत, पार्किंगपासून घरापर्यंत उत्तम. बाहेर गल्लीत पुढची फिरणारी चाकं दर फटीत वाकडी होतात. आणि नुसती फोल्डिंग फ्रेम, जिच्यावर डबा किंवा गोणी इलास्टिकच्या दोरीने बांधतात, ती स्वस्त आणि दणकट असते, दळणाला तर फारच सोयीची.

फ्रेम ॲल्युमिनियमची मिळाली तर बरं, आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत लोखंडाचा रंग उडाला की दोन पावसाळ्यांत गंज धरतो. दांड्याची उंची दुकानात उभं राहून बघा, हात सरळ खाली सोडून जरासा कोपरात वाकवला की मूठ हातात यायला हवी. दांडा फारच आखूड असेल तर ट्रॉली जास्त आडवी होते आणि हातावर भार वाढतो. पिशवी फ्रेमवरून काढून धुता येते का, तळाला टणक फळी आहे का, वर नुसती दोरी आहे की झाकण, बाहेर एखादा चेनचा कप्पा आहे का, एवढं पुरे. ३५-४० लिटरची पिशवी दोन-तीन माणसांच्या आठवड्याच्या भाजीला भरपूर होते. त्याहून मोठी घेऊ नका, मोठी असली की आपण ती भरतोच.

तिसरं काम: काय ट्रॉलीत आणायचं आणि काय नाही

हे लोक ठरवतच नाहीत. मुंबईत अजून बहुतेक ठिकाणी वाणी महिन्याचं सामान घरपोच पाठवतो. दहा किलो तांदूळ, गहू, पाच लिटर तेल, साबणाचा ढीग, हे सगळं यादी देऊन त्याच्याकडूनच मागवा, त्यासाठी स्वतःचे गुडघे झिजवायचं कारण नाही. ट्रॉली कशासाठी, तर जे आपल्याला हाताने निवडून घ्यायचंय त्यासाठी. भाजी, फळं, कांदे-बटाटे, नारळ, मासे, फुलं. दुधीला नख लावून बघायचं, कोथिंबिरीची जुडी उलटी करून आत पिवळी पानं आहेत का ते बघायचं, हे घरबसल्या होत नाही, आणि ट्रॉली असली की हे सगळं एका फेरीत आणता येतं.

वजनाचा अंदाज ठेवा. ट्रॉलीवर २५-३० किलो लिहिलेलं असतं, ते फ्रेमचं झालं. आपल्यासाठी नवीन असताना ८ किलो, सवय झाली की १२ ते १५, यापुढे जाऊ नका, कारण कुठेतरी एका पायरीवर ती पूर्ण उचलावीच लागते आणि तेव्हा ट्रॉलीचं स्वतःचं दोन-तीन किलो वजनही त्यात मिळवायचं असतं. कांदे ३ किलो, बटाटे २, टोमॅटो १, एक लहान कलिंगड ३ किलोचं, दोन नारळ मिळून एक-सव्वा किलो, एक लिटर तेलाची पिशवी ९०० ग्रॅमच्या वर, असं करता करता बारा कधी होतात कळत नाही.

चौथं काम: भरणं. खरी मेख इथेच आहे

घरून निघताना ट्रॉलीच्या आत तीन-चार कापडी पिशव्या घालून घ्या. २०१८ पासून राज्यात प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहेच, तशाही कापडी पिशव्या लागतातच, पण इथे कारण दुसरं आहे. सगळं सामान ट्रॉलीत सुटं ओतलं की ते बाहेर काढताना उलटंपालटं होतं, आणि जिना आला की एकदम बारा किलो उचलावे लागतात. तेच चार पिशव्यांत असलं की ट्रॉली खाली ठेवून दोन-दोन पिशव्या वर न्यायच्या, मग रिकामी ट्रॉली. लिफ्ट नसलेल्या इमारतीत राहणाऱ्यांसाठी हाच मार्ग आहे. तळमजल्यावरच्या काकूंना सांगून ठेवा, पाच मिनिटं ट्रॉली त्यांच्या दारात राहिली तर कोणी नाही म्हणत नाही.

जड खाली, हलकं वर, हे सगळ्यांना माहीत असतं, पण कारण फक्त टोमॅटो चेपू नयेत एवढंच नाहीये. ट्रॉली तिरकी करून ओढतो तेव्हा काही वजन चाकं घेतात आणि काही आपला हात. वजन चाकांच्या जवळ असलं की हाताच्या वाट्याला कमी येतं. समजा १५ किलो सामान आहे आणि दांडा साधारण ९५ सेंटीमीटर लांब. जड सामान तळाशी असेल, म्हणजे त्याचा मध्य चाकापासून २५ सेंटीमीटरवर, तर हातावर ४ किलोच्या आसपास येतात. तेच सामान असं भरलं की मध्य ५० सेंटीमीटरवर गेला, तर हातावर ८ किलो. सामान तेच, रस्ता तोच, आणि भार दुप्पट. वर जड असलं की उभी करून ठेवलेली ट्रॉली पुढे तोंडावर पडते ते वेगळंच.

तर खाली कांदे, बटाटे, सुरण, नारळ, कलिंगड. त्यावर दुधी, कोबी, गाजर, काकडी. मग टोमॅटो, वांगी आणि फळं (केळी सोडून). सगळ्यात वर पालेभाज्या, मेथी, शेपू, कोथिंबीर. अंडी आणि केळी ट्रॉलीत घालूच नका, हातात वेगळी छोटी पिशवी ठेवा किंवा दांड्याला हुक असेल तर तिथे लटकवा, कारण खडबडीत रस्त्याचे धक्के तळापासून वरपर्यंत जातात आणि केळी घरी पोचेपर्यंत काळी पडतात.

आता इथे एक अडचण येते. भरायच्या हिशोबाने जड आधी घ्यायला हवं, पण ओढायच्या हिशोबाने जड सगळ्यात शेवटी, घराच्या जवळ घ्यायला हवं, नाहीतर कांदे-बटाटे अख्ख्या बाजारभर फिरवावे लागतात. यावर उपाय त्या आतल्या पिशव्यांचाच. बाजारात आधी पालेभाजी आणि हलकी भाजी घ्या, ती दोन पिशव्यांत ठेवा, आणि परतीच्या वाटेवर घराजवळच्या कांदे-बटाटेवाल्याकडे थांबून वरच्या दोन्ही पिशव्या बाहेर काढा, कांदे-बटाटे तळाला टाका, पिशव्या परत वर. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. "दादा, काट्यावरून सरळ यातच ओता" म्हटलं की तेही खूश, त्यांचीही पिशवी वाचते.

पाकीट आणि फोन ट्रॉलीच्या बाहेरच्या कप्प्यात कधीच नाही. ट्रॉली मागे असते, आपलं लक्ष पुढे. त्या कप्प्यात बिल, पाण्याची बाटली आणि एक जुना नॅपकिन ठेवा. सुपरमार्केटमध्ये बहुतेक ठिकाणी ट्रॉली आत नेऊ देत नाहीत, काउंटरला ठेवून टोकन देतात, म्हणून तिथे रिकामी ट्रॉली घेऊन आधी जा आणि भाजीबाजार नंतर करा. उलट केलंत तर भरलेली ट्रॉली काउंटरवर सोडून आत फिरावं लागेल.

पाचवं काम: गर्दीतून चालवणं

मोकळ्या रस्त्यावर ट्रॉली मागे ओढा, जमेल तेवढी उभी धरून, कारण जितकी उभी तितका हात हलका. दर थोड्या अंतराने हात बदला. एकाच हाताने ओढत राहिलं की कंबर एका बाजूला पिळली जाते.

गर्दीत मात्र मागे ओढायची नाही. दादर वेस्टला स्टेशनबाहेर पडलं की केशवसुत पुलाखाली, रानडे रोडला जी गर्दी असते तिथे तुमच्या मागून येणाऱ्याला तुमचं डोकं दिसतं, तुमची ट्रॉली दिसत नाही, आणि तो सरळ तिच्यात पाय अडकवून पडतो. म्हातारी माणसं पडली तर हाड मोडतं. म्हणून गर्दी आली की ट्रॉली उभी करायची, अंगाच्या बाजूला घ्यायची आणि पायाला लागून हळूहळू पुढे न्यायची. भाजी निवडायला थांबलात की ती दोन पायांच्या मध्ये किंवा ठेल्याला टेकवून ठेवा, मागे वाटेत सोडू नका. भाजीवाल्या मावशींच्या पुढ्यातल्या गोणपाटावर चाक चढवायचं नाही हे तर सांगायला नको. आणि खरं सांगायचं तर दादरला दसऱ्याच्या, गणपतीच्या आदल्या दिवशी ट्रॉली नेऊच नका, तेव्हा खांद्यावरची पिशवीच बरी. बाजाराला जायची चांगली वेळ म्हणजे सकाळी लवकर किंवा दुपारची.

फुटपाथची पायरी चढताना पाठमोरे व्हा, दोन्ही चाकं एकदम पायरीला लावा आणि दोन्ही हातांनी वर ओढा. एकच चाक चढवलं तर ट्रॉली कलते आणि फ्रेम हळूहळू वाकडी होते. उतरतानाही दोन्ही चाकं एकत्र, हळू सोडायची, आदळायची नाही. उभ्या गजांची जाळी आली तर तिरकं ओलांडा. फुटपाथच नसेल आणि रस्त्याच्या कडेने जावं लागलं तर उजव्या बाजूने चाला, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते, आणि ट्रॉली गाड्यांच्या बाजूला न ठेवता आतल्या बाजूला ठेवा. गटाराचं झाकण तुटलेलं किंवा गायब दिसलं तर नुसतं वळसा घालून जाऊ नका, पालिकेच्या १९१६ नंबरवर कळवा, आपण ट्रॉली वळवतो पण रात्री दुसऱ्या कोणाचा तरी पाय जातो.

जिना, पूल आणि लोकल

जिन्यावर नियम एकच, माणूस वरच्या पायरीवर आणि ट्रॉली खालच्या. चढताना एका हाताने कठडा धरून बाजूला वळून एक-एक पायरी ट्रॉली वर घ्यायची. उतरताना ट्रॉली पुढे, आपल्याकडे कललेली, आणि एक-एक पायरी खाली सोडायची. हातातून सुटली तरी आपल्या अंगावर येत नाही. पण याचाच अर्थ असा की खाली दुसरं कोणी असेल तर त्याच्या अंगावर जाईल, म्हणून स्टेशनच्या पुलावर गर्दी उतरत असताना हे करायचं नाही. गाडी आली की दोन-तीन मिनिटं बाजूला थांबा, लोंढा जाऊ द्या, मग चला. लिफ्ट असेल तर लिफ्टच, पण व्हीलचेअर किंवा काठीवाली माणसं आधी.

भरलेली ट्रॉली एस्कलेटरवर नको. चाक पायरीच्या कडेला बसतं, वर पोचल्यावर ते पटकन निघत नाही आणि मागची माणसं येऊन आदळतात. रिकामी असेल तर घडी करून हातात घ्या, मग चालेल.

लोकलने जायचं असेल तर सकाळ-संध्याकाळची गर्दीची वेळ सोडून. चढताना ट्रॉली ओढत आत घ्यायची नाही, फलाट आणि डब्याच्या मधल्या फटीत चाक जातं. दांडा आणि खालची फ्रेम धरून उचला आणि आत ठेवा, तेवढं उचलता येत नसेल तर तेवढं सामान घ्यायचंच नाही. आत गेल्यावर दारातून बाजूला व्हा आणि ट्रॉली दोन पायांत धरून ठेवा, गाडी थांबताना ती आपोआप पळते. उतरायच्या एक स्टेशन आधी दाराकडे सरका.

दळण, मासे आणि मसाला

या तिघांसाठी वेगळं सांगायला हवं.

दळणाचा पाच किलोचा स्टीलचा डबा साध्या ट्रॉलीत उभा मावतो, आजूबाजूला जुनं टॉवेल कोंबा म्हणजे हलणार नाही. येताना पीठ गरम असतं. ट्रॉलीचं झाकण बंद करून ठेवलंत तर आत वाफ धरते, म्हणून वरचं झाकण उघडं ठेवूनच या आणि घरी आल्यावर डब्याचं झाकणही काढून ठेवा, पीठ थंड झालं की लावा. पाऊस असेल तर गिरणीतच जरा थांबा.

मासे ट्रॉलीत आणायचे तर घट्ट झाकणाचा डबा घरून न्यायचाच. कोळणीकडून पापलेट किंवा बोंबील पिशवीत घेऊन तसेच ट्रॉलीत टाकले की पाणी गळतं, तळाच्या फळीखाली जातं आणि तो वास धुऊनही दोन-चार दिवस राहतो. सोबत बर्फ घेतला असेल तर तोही डब्याच्या आतच. डबा तळाला नको, भाजीच्या वरही नको, शक्यतो मासे त्या दिवशी एकटेच आणा.

आणि उन्हाळ्यात लालबागला मिरची आणायला जाणाऱ्यांनी ट्रॉली जरूर न्यावी. मिरची हलकी पण फुगलेली असते, धणे जड, त्यामुळे धणे खाली, मिरची वर. कुटून परत आणताना मसाला गरम असतो, तो जाड कापडी पिशवीत बांधून मग ट्रॉलीत, नाहीतर वर्षभर कोथिंबिरीलाही तिखट वास येत राहील.

पावसाळ्यात

साधारण जून ते सप्टेंबर ट्रॉलीचं वेळापत्रक वेगळं. रिमझिम असेल तर बॅकपॅकचं मोठं रेनकव्हर पिशवीवर बसतं, ते पुरतं. पण एक हात छत्रीत आणि एक हात ट्रॉलीत असला की तोल सांभाळायला हात उरत नाही, म्हणून छत्रीऐवजी रेनकोट घाला. आणि रस्त्यावर पाणी साचलं असेल तर ट्रॉली नाहीच. हिंदमाता, किंग्ज सर्कल, मिलन सबवे ही नावं सगळ्यांना माहीत आहेत पण तुमच्या गल्लीतही एखादा खोलगट कोपरा असतो. पाण्याखाली फुटपाथची कड दिसत नाही, उघडं गटार दिसत नाही, आणि ट्रॉली पाण्यात ओढली की आपण तिच्याकडे बघत चालतो, पायाखाली नाही. भाजी दुसऱ्या दिवशी आणता येते.

घरी आल्यावर ओली पिशवी फ्रेमवरून काढून, आतून उलटी करून पंख्याखाली वाळवा. तशीच घडी घातली की दोन दिवसात बुरशीचे काळे ठिपके येतात, आणि ते जात नाहीत.

रोजची देखभाल

फार काही नाही. दारातच चाकं ओल्या फडक्याने पुसून मग आत घ्या, रस्त्यावर काय काय असतं ते सांगायला नको. बिल्डिंगच्या पॅसेजमध्ये, जिन्यात ट्रॉली उभी करून ठेवू नका, आग लागली तर ती वाट मोकळी लागते, घडी करून दाराच्या मागे चार बोटं जागेत मावते.

महिन्यातून एकदा ट्रॉली उलटी करा. चाक आणि दांडी यांच्या मध्ये केस, दोरे, गजऱ्याचे धागे गुंडाळलेले दिसतील, चाक जड चालायचं मुख्य कारण हेच. कात्रीने कापून काढा आणि शिलाई मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंब सोडा. चाक बाहेर येऊ नये म्हणून जी पिन किंवा टोपी असते ती सैल नाही ना ते बोटाने हलवून बघा, भरल्या ट्रॉलीचं चाक रस्त्यात निघालं तर फार हाल होतात. पिन गेली असेल तर सायकलवाल्याकडे मिळते. पिशवीची शिवण तळाच्या कोपऱ्यात आधी उसवते, तेव्हाच स्टेशनबाहेरच्या बॅग-चेन रिपेअरवाल्याकडून डबल शिलाई मारून घ्या, चार कोपऱ्यांना रेक्झिनचे तुकडे लावून घेतले तर अजून मजबूत. ट्रॉली जुनी झाली की सहसा पिशवीच फाटते, फ्रेम चांगली असते, तेव्हा अख्खी टाकून देऊ नका, त्याच मापाची जाड कॅनव्हासची पिशवी शिवून मिळते आणि ती मूळच्या पिशवीपेक्षा जास्त टिकते, फक्त शिवायला देताना जुनी पिशवी सोबत द्या म्हणजे फ्रेमला अडकवायच्या पट्ट्या बरोबर जागी येतील.